दुखण्याकडे पाहण्याची सवय

मराठीत ‘दुखणे’ हा शब्द आजारालाही वापरतात आणि वेदनेलाही. सुप्यासारख्या गावात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला त्यात काही वावगे वाटत नाही, कारण त्याचा निम्मा दिवस दुखणे ऐकण्यातच जातो. कांदा लागवडीत दिवसभर वाकून काम करणाऱ्या बायकांची कंबर, एमआयडीसीत आठ-आठ तास मशीनपुढे उभ्या राहणाऱ्या पोरांची मान, मोटारसायकलवरून रोज नगरला ये-जा करणाऱ्यांची पाठ, म्हाताऱ्यांचे गुडघे. आणि सगळ्यांची मागणी एकच, “डॉक्टरसाहेब, एक सुई मारा म्हणजे मोकळं होईल.”

सुई मारली की मोकळे होते, हे खरे आहे. दोन दिवस होते. तिसऱ्या दिवशी तीच कंबर, तेच दुखणे. मग मेडिकलमधून परस्पर गोळी आणायची, ती रोज घ्यायची, पोटात जळजळ होऊ लागली की वर आणखी एक आम्लपित्ताची गोळी. असे वर्ष-दोन वर्षे चालते. वेदनाशामक गोळ्या फार दिवस घेतल्याने जठरात व्रण होतात, रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडे निकामी होण्याकडे वाटचाल सुरू होते. विशेषतः मधुमेह किंवा रक्तदाब आधीपासून असेल, किंवा उन्हात पाणी कमी पिऊन काम होत असेल, तर धोका अधिक. कंबरेचे दुखणे माणसाला मारत नाही. कंबरेसाठी घेतलेली गोळी मात्र डायलिसिसपर्यंत नेऊ शकते. म्हणून आज गोळीविषयी न लिहिता एका वेगळ्याच उपायाविषयी लिहितो आहे. काही वाचक नाक मुरडतील, त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचावे.

दुखण्यात दोन भाग असतात. एक म्हणजे प्रत्यक्ष संवेदना, म्हणजे ठणका, कळ, चमक, ओढ. दुसरा भाग म्हणजे त्या संवेदनेमुळे होणारा जाच : ‘हे कधी थांबणार’, ‘आता माझं काही खरं नाही’, ‘उद्या कामावर कसं जाऊ’. जगभरातील वेदनातज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ साली वेदनेची जी व्याख्या केली आणि २०२० साली सुधारली, तिच्यातही वेदना हा केवळ संवेदनेचा नव्हे तर भावनेचाही अनुभव आहे, असे मान्य केलेले आहे. आपण गोळी घेतो ती पहिल्या भागावर. दुसऱ्या भागाकडे कोणीच पाहत नाही, ना रुग्ण, ना डॉक्टर.

हा दुसरा भाग केवढा मोठा असतो, हे दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञाच्या लक्षात आले. इटलीच्या आघाडीवर गंभीर जखमी झालेल्या सैनिकांना ते विचारत, “वेदना थांबवायला काही औषध देऊ का?” सुमारे तीन-चतुर्थांश सैनिक नको म्हणाले. शुद्धीवर होते, जखमा मोठ्या होत्या, पण औषधाची गरज वाटत नव्हती. पुढे बीचर यांनी शस्त्रक्रिया झालेल्या नागरी रुग्णांशी तुलना केली, तेव्हा त्यांच्यातील बहुतेकांनी औषध मागितले होते. सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका. नागरी रुग्णाच्या दृष्टीने तीच जखम म्हणजे संकट. जखमेच्या आकारावर वेदना ठरत नाही, हे १९४६ साली त्यांनी लिहून ठेवले.

याचे शारीरिक कारण १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडले. त्यांचे म्हणणे असे की, वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एका दरवाजातून जातो. हा दरवाजा कमी-अधिक उघडतो. कोपर आपटले की आपण चटकन चोळतो. त्या स्पर्शाचे संदेश दरवाजा थोडा लोटून घेतात. शिवाय मेंदूकडूनही खाली हुकूम येत असतो, दरवाजा उघड किंवा बंद कर म्हणून. भीती, काळजी, झोपमोड यांनी दरवाजा सताड उघडतो. लेकराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर आई फुंकर घालते तेव्हा ते रडायचे थांबते, त्यात फुंकरीचा वाटा थोडा आणि आईचा फार. या सिद्धान्तातील बारीकसारीक तपशील पुढे बदलले, पण मेंदू वेदनेचा आवाज लहान-मोठा करू शकतो हे आता निर्विवाद आहे.

मग हा आवाज मुद्दाम लहान करायला शिकता येईल काय? एक मार्ग आपल्या सर्वांना ठाऊक आहे : मन दुसरीकडे गुंतवणे. पंढरीच्या वाटेवर पायाला फोड आलेला वारकरी टाळ आणि अभंगाच्या नादात कोसच्या कोस चालतो आणि मुक्कामाला बसला की मग पाय आठवतात. २०१२ साली जर्मनीत हॅम्बुर्गच्या संशोधकांनी लोकांच्या हाताला चटका देत असतानाच त्यांना स्मरणशक्तीची अवघड कोडी सोडवायला दिली, तेव्हा मज्जारज्जूतच वेदनेची खळबळ कमी झालेली दिसली. शरीरात अफूसारखी जी नैसर्गिक द्रव्ये तयार होतात त्यांचा यात हात असतो. ती द्रव्ये अडवणारे औषध दिल्यावर हा फायदा बराच घटला.

परंतु मन गुंतवणे रात्री दोन वाजता उपयोगी पडत नाही. अंधार, सगळे घर झोपलेले, आणि आपण आणि आपली कंबर. तेव्हा दुसरा मार्ग हवा, आणि तो नेमका उलटा आहे : दुखण्यापासून लक्ष पळवायचे नाही, तर दुखण्याकडेच शांतपणे पाहायचे. ऐकायला विचित्र वाटते. आधीच दुखते आहे, त्यात आणखी पाहायचे काय?

या मार्गाचा मोठा इतिहास आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, इगतपुरीला आहे. सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशात जन्मलेले व्यापारी. त्यांना तीव्र अर्धशिशीचा त्रास होता. झटका आला की मॉर्फिनचे इंजेक्शन घ्यावे लागे. मॉर्फिनचीच सवय लागेल, असा इशारा डॉक्टरांनी दिला तेव्हा ते उपचारासाठी युरोप, अमेरिका, जपान फिरून आले. गुण आला नाही. कोणीतरी रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे जायला सुचवले. हे गृहस्थ म्हणजे जटाधारी साधू नव्हेत, तर ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल. कचेरी सांभाळून ते विपश्यना शिकवीत. गोयंकांनी डोकेदुखीसाठी आलो म्हणताच त्यांनी शिकवायला नकार दिला. डोकेदुखी बरी करण्यासाठी ही विद्या नाही, मन स्वच्छ करायचे असेल तर या, असे त्यांचे म्हणणे. १९५५ साली गोयंकांनी पहिले दहा दिवसांचे शिबिर केले. त्यांची अर्धशिशी गेली, असे ते पुढे आयुष्यभर सांगत. १९६९ साली ते भारतात आले, त्या जुलैत मुंबईत पहिले शिबिर झाले, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरे सुरू झाली. २०१३ साली गोयंका वारले. शिबिरे अजून चालू आहेत आणि त्यांना फी नाही, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर ती चालतात.

एका माणसाची अर्धशिशी गेली म्हणजे पुरावा झाला, असे मी म्हणणार नाही. अर्धशिशी वयपरत्वे आपणहूनही कमी होते. मला या हकिगतीत त्या नकाराचे महत्त्व अधिक वाटते. दुखणे घालवायला म्हणून जो डोळे मिटून बसतो, तो दर मिनिटाला चाचपतो, “गेलं का? कमी झालं का?” ही चाचपणीच दुसऱ्या भागाला खतपाणी घालते. ऊ बा खिन यांना वैद्यकशास्त्र शिकवायचे नव्हते, तरी त्यांनी जे ओळखले ते वेदनेच्या प्रत्येक डॉक्टरने ओळखले पाहिजे.

शिबिरात काय करतात ते थोडक्यात सांगतो. पहिले साडेतीन दिवस फक्त नाकपुड्यांपाशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष ठेवायचे. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत शरीराच्या प्रत्येक भागात काय जाणवते ते पाहत जायचे : खाज, ऊब, मुंग्या, जडपणा, दुखणे. त्यानंतर दिवसातून तीन वेळा तासभर न हलता बसण्याचा निश्चय करायचा. मांडी घालून तासभर बसल्यावर गुडघा आणि कंबर काय करतात, हे सांगणे न लगे. पण तेथेच शिकायचे असते. दुखते आहे, ते वाढते, शिगेला जाते, सरकते, विरते. आपण फक्त पाहायचे, ढकलायचे नाही आणि कवटाळायचे नाही. पाली वाङ्मयात बुद्धाने दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे : शरीराला लागलेला एक बाण, आणि त्यावर शोक करून माणूस स्वतःच्या मनाला मारून घेतो तो दुसरा. दुसऱ्या भागाविषयी मी वर जे लिहिले ते अडीच हजार वर्षांपूर्वी असे सांगून झालेले आहे.

आता प्रयोगशाळेकडे वळू. अमेरिकेत मॅसेच्युसेट्स राज्यातील वूस्टर येथे जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात एक वर्ग सुरू केला. स्वतः बौद्ध ध्यान शिकलेले होते, पण वर्गातून त्यांनी धर्माची भाषा काढून टाकली. औषधांनी गुण न आलेले जुनाट दुखण्याचे रुग्ण डॉक्टरच त्यांच्याकडे पाठवीत. १९८२ साली त्यांनी ५१ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील ६५ टक्के रुग्णांचे दुखणे निदान एक-तृतीयांशाने कमी झाले होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्या अभ्यासातील उणीव.

२०११ साली फदेल झैदान यांनी १५ निरोगी लोकांना रोज वीस मिनिटे, असे चार दिवस श्वासावर लक्ष ठेवायला शिकवले आणि पायाला उष्णतेचा चटका देऊन मेंदूचे चित्र घेतले. वेदनेची तीव्रता सरासरी ४० टक्क्यांनी कमी वाटली आणि तिचा जाच ५७ टक्क्यांनी. जाच अधिक उतरला, हे ध्यानात घ्या. २०१६ साली त्यांनीच दाखवले की अफूसदृश द्रव्ये अडवणारे औषध दिले तरी ध्यानाचा फायदा टिकून राहतो. म्हणजे कोडी सोडवण्याचा रस्ता आणि पाहण्याचा रस्ता शरीरातही बहुधा वेगळे असावेत. अर्थात चार दिवसांचा चटका आणि वीस वर्षांचा गुडघा यांत फरक आहे.

म्हणून मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०१६ सालचाच सिॲटलचा अभ्यास. जुनाट कंबरदुखीचे ३४२ रुग्ण, तीन गट. एकाला आठ आठवडे ध्यान व साधी योगासने, दुसऱ्याला मानसोपचाराच्या पद्धतीने विचार बदलण्याचे शिक्षण, तिसऱ्याला नेहमीचेच उपचार. सहा महिन्यांनी जाच लक्षणीय कमी झालेले रुग्ण पहिल्या दोन गटांत सुमारे ४४ टक्के होते, तिसऱ्यात सुमारे २७. दुसऱ्या शब्दांत, शंभरातल्या छप्पन्न जणांना ध्यानानेही म्हणण्यासारखा फरक पडला नाही. चमत्काराची जाहिरात करणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा. आणि गोळीखेरीज दुसरे काही असूच शकत नाही म्हणणाऱ्यांनी ४४ आणि २७ यांतील अंतर पाहावे. अमेरिकेतील फिजिशियन मंडळींच्या महाविद्यालयाने २०१७ सालच्या मार्गदर्शिकेत जुनाट कंबरदुखीला आधी व्यायाम, योग, ध्यान यांसारखे बिनऔषधी उपाय करा आणि मग गोळीकडे वळा, असे सुचवले.

आपल्याकडे या दुसऱ्या भागाला वाढवणारा एक शब्द फार पसरला आहे : ‘मणक्यात गॅप’. एमआरआय काढला, गॅप निघाली, की माणूस खचला. वाकायचे बंद, चालायचे बंद, दिवसभर लक्ष त्या गॅपवर. वास्तविक काहीही दुखत नसलेल्या लोकांचे मणके तपासलेल्या अभ्यासांचा २०१५ साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतील गाद्या झिजलेल्या आढळल्या. केस पिकतात तशा गाद्या झिजतात. एमआयडीसीत काम करणारा तिशीचा एक तरुण असाच फोटोंचे पाकीट काखेत घेऊन आला होता. पायात शक्ती उत्तम, बाकी तपासणी ठीक. त्याला म्हटले, “दादा, कसं दुखतं ते सांग.” म्हणाला, “लई दुखतंय.” ठणकतं का? चमक निघते का? सलतं, ओढतं, भरून येतं, की ठुसठुसतं? तो विचारात पडला. तीन वर्षे दुखत होते आणि त्याने नीट पाहिलेच नव्हते! आठवडाभराने आला तेव्हा त्याने सांगितले की सकाळी ओढते, शिफ्टच्या शेवटी भरून येते आणि मध्ये दोन-तीन तास काहीच नसते. त्या दोन-तीन तासांचा शोध त्याला एखाद्या गोळीइतकाच उपयोगी पडला. कंबर पूर्ण गेली नाही. व्यायाम करतो, कामावर जातो, महिन्याकाठी एखाद-दुसरी गोळी लागते.

दहा दिवस कामधंदा सोडून इगतपुरीला जाणे प्रत्येकाला जमणार नाही. मजुरी बुडते, जनावरे असतात. घरी करायचे झाल्यास असे करावे. पहाटे किंवा निजताना, वीस मिनिटे. मांडी घातली पाहिजे असे काही नाही, खुर्चीत बसा किंवा सतरंजीवर उताणे पडा. पाच मिनिटे श्वास पाहा, तो मुद्दाम लांबवू नका. मन शेतात, बँकेच्या हप्त्यात, मुलीच्या लग्नात जाईलच. गेलेले कळले की परत आणा. हे परत आणणे हाच व्यायाम आहे, मन गेले म्हणून चुकले असे समजू नये. मग पायाच्या अंगठ्यापासून वर एकेक भाग पाहत या. दुखऱ्या जागी आलात की ती टाळू नका आणि तिथे रेंगाळूही नका. तिची कड कुठपर्यंत आहे, ऊब आहे की ओढ, स्थिर आहे की हलते, एवढे पाहा. ‘आता मी जन्माचा अपंग’ असे मनात आले तर हा विचार आहे, वेदना नव्हे, एवढे ओळखा आणि पुढे सरका. ज्या दिवशी दुखणे फार आहे त्या दिवशी सुरुवात करू नका, कमी आहे तेव्हा शिका. किमान आठ आठवडे. त्याआधी फायद्याचा हिशेब मांडू नका, ऊ बा खिन यांचा नकार आठवा.

घरच्यांनाही एक विनंती. सकाळ-संध्याकाळ “किती दुखतंय आता?” असे विचारू नये. प्रेमापोटीच विचारतात, पण त्याने रुग्णाचे लक्ष पुन्हा पुन्हा तिथेच खेचले जाते. “आज किती चाललीस?” असे विचारा.

हे सारे तपासणी झाल्यानंतरचे आहे. छातीत दुखणे, अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, पोटातली तीव्र कळ यांच्यापुढे ध्यानाला बसायचे नसते, गाडी काढायची असते. कंबरदुखीबरोबर ताप, वजन घटणे, पायातली शक्ती जाणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, बैठकीच्या जागी बधिरपणा, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर. आणि ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे किंवा होऊन गेला आहे त्यांनी दहा दिवसांच्या मौन शिबिराला मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याखेरीज जाऊ नये. फार वेळ एकट्याने आत पाहत बसणे सर्वांनाच मानवते असे नाही.

गोळ्या बंद करायच्या का, हा प्रश्न हमखास येईल. परस्पर बंद करू नका. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, फिटच्या गोळ्यांचा तर या लेखाशी काही संबंधच नाही, त्या चालू ठेवायच्या. वेदनाशामक गोळ्या रोज चालू असतील तर रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या आणि आपल्या डॉक्टरांना विचारून त्या हळूहळू कमी करा. येताना कागदावर घेत असलेल्या सर्व गोळ्यांची नावे लिहून आणा, मेडिकलमधून परस्पर आणलेल्यांचीसुद्धा, आणि कोणा वैदूने नाव न सांगता दिलेली पुडी असेल तर ती पुडीच घेऊन या.